पट्टीची साक्ष

माझे वडील लासलगावहून वाशीच्या बाजारात कांदा नेणाऱ्या ट्रकवर चालक होते. गाडी मालकाची. निघण्याआधी इंजिन थंड असताना ते ऑइलची पट्टी काढत, फडक्याने पुसत, पुन्हा घालून बाहेर काढत आणि मला दोन खुणा दाखवत. पातळी त्या दोन खुणांच्या मध्ये हवी. डिझेल इंजिनात ऑइल काजळीने लगेच काळं पडतं, म्हणून रंगावर जायचं नाही, असं ते सांगत.

एका हंगामात ही पातळी झपाट्याने उतरू लागली. खाली कुठे थेंबही गळत नव्हता. मालकाने थेट वडिलांवर संशय घेतला : ऑइल विकलं जातंय. वडील वाद घालत बसले नाहीत. दर खेपेचे किलोमीटर आणि ओतलेलं ऑइल ते वहीत लिहू लागले. धुरावर नजर ठेवायला मला सोबत नेऊ लागले.

गाडीची परीक्षा कसारा घाटात व्हायची. घाट उतरून संपल्यावर ॲक्सिलरेटरवर पाय देताच निळा लोट आला, तर व्हॉल्व्ह गाइड किंवा टर्बोचं सील बघायचं. परतीच्या चढावर सतत निळा धूर असेल, तर रिंगा आणि लायनर झिजले. ऑइलचं झाकण उघडल्यावर वाफ जोरात आली, तर बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे रिंगांजवळून गॅस खाली उतरतोय. आमच्या गाडीत यातलं काहीच नव्हतं.

शेवटी एका मिस्त्रीने ब्रेकच्या हवेच्या टाकीचा कॉक उघडला. तिथून थोडं पाणी निघावं. निघालं काळं ऑइल. हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरला इंजिनचंच ऑइल मिळतं. त्याच्या रिंगा गेल्या होत्या आणि ऑइल हवेबरोबर टाकीत जात होतं. अशा ऑइलने ब्रेकच्या व्हॉल्व्हमधलं रबर खराब होत जातं. चोरीचा आळ ज्यांच्यावर होता, ते वडील हाच धोका घेऊन घाट उतरत होते.

मी पुढे मिस्त्रीकाम शिकलो, तेव्हा ऑइल जाण्याच्या आणखी वाटा कळल्या. एअर फिल्टरनंतरचा रबरी पाइप तडकला, तर कांदाचाळीकडच्या कच्च्या रस्त्याची धूळ लायनर घासून काढते. तो पाइप न बदलता घातलेल्या नव्या रिंगाही टिकत नाहीत. टर्बोचा ऑइल परतीचा पाइप तुंबला, तर चांगल्या इंजिनातूनही निळा धूर येतो. कधी ऑइल जळत असतं आणि तेवढंच डिझेल त्यात उतरत असतं. मग पट्टीवर पातळी जागच्या जागी दिसते, म्हणून मी पट्टीचा वासही घेतो.

1 एप्रिल 2020 पासून नव्या गाड्यांना बीएस-6 हे धुराचे निकष लागू झाले. या गाड्यांच्या सायलेन्सरमधल्या फिल्टरमुळे धूर सहसा दिसत नाही. जळालेल्या ऑइलची राख मात्र त्यात साचत राहते. काजळी जळते, तशी ती जळून जात नाही. धुराची साक्ष गेली, पट्टी आणि वही उरली.

ऑइल कुठे जातंय हे शोधायला बहुतेक वेळा एक सकाळ पुरते. ती न देता ज्याच्यावर बोट दाखवलं जातं, त्याला दुसरी गाडी मिळणं अवघड होतं. म्हणून मालकांना माझं सांगणं आहे : टाकीचा कॉक उघडा, पाइप तपासा, चालकाची वही वाचा. आणि चालकांना : ती वही रोज लिहा.