तापीच्या डोहावर

भुसावळ म्हटलें कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें रेल्वेचा फलाट उभा राहतो. मुंबईहून येणाऱ्या गाडीस येथें दोन वाटा फुटतात. एक नागपुराकडे जाते, दुसरी खंडवा-इटारसीकडे. प्रवासी चहा घेतो, केळीं घेतो, उन्हास नांवें ठेवतो आणि पुढें जातो. त्यांतून वैशाखमास असला व पारा 45 अंशांच्या वर चढला असला, तर गांव पाहण्यास उतरणारा विरळाच. आम्ही मात्र गेल्या वैशाखांत एका कार्यानिमित्त येथें आठ दिवस राहिलों. त्या मुक्कामांत जें पाहिलें तें मुलाबाळांच्या घरांत सांगण्यासारखें वाटलें, म्हणून हा लेखनप्रपंच.

गांवाच्या उत्तरेस तापी वाहते. पुराणांनीं हिला सूर्यकन्या म्हटलें आहे, आणि आषाढ शुद्ध सप्तमीस हिचा जन्मदिवस पाळतात. ज्या गांवावर बापाचा एवढा कोप, त्याच गांवाच्या वेशीशीं लेक शीतल जल घेऊन उभी आहे, ही योजना मोठी गोड खरी! मुलताईस उगम पावून सुरतेपलीकडे समुद्रास मिळेपर्यंत ही 724 किलोमीटर चालते. वाटेंत चांगदेवाजवळ पूर्णा हिला मिळते, आणि मग हतनूरचें धरण लागतें. 1982 मध्यें पुऱ्या झालेल्या या धरणास 41 दरवाजे आहेत. त्यामुळें खालच्या अंगास उन्हाळ्यांत नदीचें पाणी किती असावें, हें बरेंचसें माणसांच्या हातीं गेलें आहे. कोठें घोटाभर पाण्यांत काळे खडक उघडे पडतात, तर कोठें चार पावलांवर डोह असतो.

सकाळीं सहाच्या सुमारास, ऊन चढण्यापूर्वीं, सुटी लागलेलीं पोरें टोळक्याटोळक्यांनीं येथें येतात. नवशिक्यांच्या पाठीस पत्र्याचा रिकामा डबा किंवा मोटारीच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब असते. पूर्वीं त्या जागीं वाळका भोपळा असे. ज्यांस पोहतां येतें त्यांचे डोळे मात्र डोहावरच्या खडकाकडे. तेथून प्रथम उभी उडी, मग गुडघे छातीशीं घेऊन मुटका, आणि ज्याच्या अंगीं कसब असेल त्याचा सूर. मुटक्यानें पाणी उंच उडतें व पाहणारे ओरडतात. चांगल्या सुरानें पाणी जेमतेम हलतें व पाहणारे गप्प होतात.

रेल्वेंतून निवृत्त झालेले एक वयस्क गृहस्थ आपल्या पुतण्यांस व नातवांस घेऊन रोज येत. सर्व त्यांस अण्णा म्हणत. त्यांची शिकविण्याची रीत पाहून आम्हांस नवल वाटलें. पहिले चार दिवस त्यांनीं कोणासही खडकावर चढूं दिलें नाहीं. वाळूंत उभें करून, दोन्ही हात कानांशीं घट्ट, हनुवटी छातीकडे, कमरेंत वांकून चवड्यांनीं जमीन ढकलावयाची, एवढेंच पुनःपुन्हा करवून घेतलें. मग कांठावर बसून सूर, मग एका गुडघ्यावर, मग उभें राहून हातभर उंचीवरून. खडकाची पाळी सर्वांच्या शेवटीं. शिवाय कोणीही उडी घेण्यापूर्वीं ते स्वतः बुडी मारून डोहाचा तळ चाचपून येत. कालचा डोह आजही तितकाच खोल असेल, हें ते मानीत नसत. “नदीची ओळख रोज नव्यानें करून घ्यावी, बाळांनो,” असें त्यांचें सांगणें.

एवढा खटाटोप कशास, असें एखादा विचारील. तीन मीटर उंचीवरून पडणारें शरीर पाण्यास भिडतें तेव्हां त्याचा वेग ताशीं सुमारें 28 किलोमीटर असतो. ऑलिंपिक सामन्यांतील 10 मीटरच्या उंचीवरून तोच सुमारें 50 होतो. हातांचीं बोटें प्रथम शिरलीं तर पाणी वाट देतें. पोट आडवें पडलें तर तेंच पाणी फरशीसारखें लागतें. आणि खालीं उथळ असलें तर मानेचा मणका मोडून माणूस जन्माचा पांगळा होतो. नवशिक्याचें पोट आपटतें तें बहुधा एकाच कारणानें. पाणी जवळ येतांच भीतीनें तो मान वर उचलतो, आणि मान उचलली कीं सबंध शरीर आडवें होतें. जपण्यासाठीं केलेली हालचालच त्यास मार देते.

हें पाहतांना आम्हांस एका फार दूरच्या खेळाची आठवण झाली. नॉर्वे, ऑस्ट्रिया इत्यादि थंड देशांतील तरुण आपल्या उंचीहून लांब अशा ‘स्की’ नामक पट्ट्या पायांस बांधून बर्फाच्या उंच घसरणीवरून खालीं येतात. मोठ्या घसरणीवर वेग ताशीं 90 किलोमीटरच्या आसपास जातो. तिच्या टोंकावरून ते झेप घेतात व शंभराहून अधिक मीटर हवेंतून जाऊन खालच्या उतारावर उतरतात. खेळ बर्फाचा, परंतु त्याचा अभ्यास उन्हाळ्यांत! पूर्व जर्मनीच्या हान्स रेन्नर यानें 1954 मध्यें प्लास्टिकच्या आवरणाची युक्ति काढली. तेव्हांपासून भिजविलेल्या प्लास्टिकवर बर्फावांचूनही उडी घेतां येते, आणि उन्हाळी सामनेही होतात. पुष्कळसा सराव तर सपाट जमिनीवरच चालतो. लहानशा चौथऱ्यावर दबा धरून बसावयाचें, पुढें झेपावयाचें, आणि समोर उभ्या असलेल्या शिक्षकानें वरचेवर झेलावयाचें. हेंच शेकडों वेळां. तेथेंही मुख्य शत्रु भीतीच. टोंकाशीं येतांच अंग पुढें, रिकाम्या हवेवर टाकावें लागतें. भिऊन मागें घेतलें तर हवा आधार देत नाहीं व उडी तोकडी पडते. अण्णांची वाळू आणि तो चौथरा यांचा हेतु एकच आहे. भीति कोणास सुटलेली नाहीं. परंतु अंगास आधींच योग्य वळण लागलें असेल, तर ऐन क्षणीं तें भीतीचें ऐकत नाहीं.

आतां घरांतली गोष्ट. आम्ही जेथें उतरलों होतों त्या घरीं पोरांस नदीबंदी होती. दर उन्हाळ्यांत कोठें ना कोठें पोर बुडाल्याची बातमी येते, आणि आजीबाईंनीं तेवढ्यावरून निकाल दिलेला. त्यांची भीति खोटी होती असें कोण म्हणेल? परंतु त्याच घरांतील दोन पोरें पहांटे देवदर्शनाच्या निमित्तानें कोठें जात, हें आजीबाईंवांचून सर्वांस ठाऊक होतें. चोरून जाणारें पोर अनोळखी डोहावर जातें, तळ न पाहतां उडी घेतें, आणि बुडूं लागलें तर हांक मारण्यास वडील माणूस जवळ नसतें. पाणी पाहून मान उचलणाऱ्या नवशिक्याची चूक ती हीच. जपावयास जावें आणि मार त्यामुळेंच बसावा!

यास्तव आमचें कुटुंबांतील वडीलधाऱ्यांस सांगणें इतकेंच कीं, बंदी घालण्यापेक्षां बरोबर जावें. एका काकांनीं, मामांनीं सकाळचा एक तास द्यावा. हतनूरचें पाणी सोडणार आहेत काय याची आधीं चौकशी करावी. तळ पाहावा आणि पायरीपायरीनें शिकवावें. ‘पोरें’ म्हणतांना मुलींस वगळूं नये. ऑलिंपिकांत सूर मारण्याचे स्त्रियांचे सामने 1912 पासून आहेत. स्कीच्या उडीस मात्र त्यांना 2014 पर्यंत थांबावें लागलें. आपल्या घरांत तरी मुलींस कांठावर कपडे राखीत बसवूं नये. पाण्याच्या गांवीं पोहणें हा अलंकार नव्हे, गरज आहे.

मृग लागला कीं थोड्याच दिवसांत तापी गढूळ होते, धरणाचे दरवाजे उघडतात, आणि मग पट्टीच्या पोहणाऱ्यानेंही तिच्याकडे फिरकूं नये. शिकण्याचा काळ हाच. तो उन्हाळ्याचा आहे, आणि थोडा आहे.