तीन दिवसांची वाट

बदलापूरहून माळशेज घाटमार्गे जुन्नर गाठायला गाडीने तीन-साडेतीन तास पुरतात. गेल्या डिसेंबरात आम्ही चौघे मित्र तेच अंतर नाणेघाट चढून पायी गेलो. आम्हाला चार दिवस लागले.

या प्रवासाची सुरुवात मशिदीत झाली. इशानंतर काही जण बसलो होतो आणि मुसाफिराच्या नमाजीचा विषय निघाला. घरापासून सुमारे ७८ किलोमीटर किंवा त्याहून दूर जायचे असेल तर चार रकातींच्या फर्ज नमाजी दोन रकातींच्या होतात, म्हणजे ‘कसर’ होते, हे आपल्याकडे बहुतेकांना माहीत असते. कुणीतरी म्हणाले, “पुण्याला ट्रेनने जाऊन संध्याकाळी परत येतो. त्यात कसला आलाय सफर?” आमच्यात बदलापूरचे एक शिक्षक आहेत. त्यांना आम्ही नुसते ‘सर’ म्हणतो. ते म्हणाले, “किलोमीटर नंतर आले. हनफी फिकहमध्ये मूळ माप आहे तीन दिवसांची वाट, मध्यम चालीने. आपल्यापैकी कुणी सलग तीन दिवस चाललंय का?”

कुणीच चाललेले नव्हते. घर ते स्टेशन आणि स्टेशन ते कारखाना, एवढेच आमचे चालणे.

सरांनीच वाट सुचवली. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवर नाणेघाट चढून जुन्नरला आणि तिथून पुढे पैठणकडे जाई. आमच्या बदलापूरचे नावही तिथे घोडे बदलत असत म्हणून पडले, असे जुने लोक सांगतात. ज्या मुलुखातून लोक देशावर चालत गेले त्याच मुलुखात आपण राहतो, आणि सह्याद्री पाहतो तो लोकलच्या दारातून.

चौघे ठरलो. सर, मी, माझा धाकटा चुलतभाऊ आणि उल्हासनगरचा एक मित्र. हा मित्र जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर आहे, म्हणून सगळे त्याला ‘मास्टर’ म्हणतात. दिवसाचे बारा-बारा तास टेबलाशी उभा राहणारा माणूस. ईद सोडली तर त्याने सलग चार दिवस सुटी घेतल्याचे आम्हाला आठवत नव्हते.

घरी सांगितले तेव्हा अम्मी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “दिवस कसे आहेत ते बघतोस ना? चार दाढीवाली पोरं रानात फिरताना दिसली, कुणी काही विचारलं तर?” मी हसून वेळ मारून नेली. पण खरे सांगायचे तर तिची भीती माझ्याही मनात होती. पाठपिशवी भरताना आधार कार्ड दोनदा तपासले.

शनिवारी फजर पढून बदलापूर सोडले. पहिला दिवस बारवी धरणाच्या रस्त्याने मुरबाडपर्यंत. एमआयडीसीच्या याच धरणातून आमच्या भागातल्या कारखान्यांना आणि वस्त्यांना पाणी येते. नळ सोडला की पाणी येते एवढेच आम्हाला ठाऊक. त्या पाण्यामागे केवढे रान आणि किती डोंगर उभे आहेत ते चालताना कळले. साग पानगळीला लागला होता. रस्त्याच्या कडेला भाताची खळी संपत आली होती.

जोहरची वेळ झाली तेव्हा आम्ही गावाच्या हद्दीबाहेर होतो आणि मुक्काम जुन्नरचा ठरलेला, म्हणजे आम्ही मुसाफिर. सरांनी दोन रकाती पढवल्या. सलाम फिरवल्यावर मास्टर नाराज दिसला. “पाय शाबूत आहेत, वेळ आहे, पाणी आहे. मग दोन रकाती कमी कशाला?” सर म्हणाले, “मास्टर, ही सूट आपण मागून घेतलेली नाही. ती दिलेली आहे. दिलेली भेट परत करत नाहीत.” मास्टर गप्प बसला, पण पटलेले दिसले नाही. रात्री मुरबाडच्या मशिदीत इशा जमातीने पढली. मुकीम इमामामागे मुसाफिरालाही पूर्ण चार पढाव्या लागतात. बाहेर आल्यावर मास्टर म्हणाला, “बघा, झाल्या ना चार? कुठे दमलो?” मुक्काम सरांच्या एका नातेवाइकांकडे होता. तिथे मास्टरने बूट काढले तेव्हा त्याच्या उजव्या टाचेवर रुपयाएवढा फोड आलेला होता. त्याने तो कुणाला सांगितला नव्हता.

दुसरा दिवस सगळा डांबराचा. मुरबाड, टोकावडे, मग वैशाखरे. कल्याण-अहमदनगर महामार्गावरचे ट्रक अंगावरून जात होते. लिहावे असे त्या दिवशी फार घडले नाही. पण दुपारनंतर समोर सह्याद्रीची भिंत दिसू लागली. भिंतीच्या वरच्या कडेला एक खाच आणि खाचेशेजारी पुढे आलेला कडा, नानाचा अंगठा. त्या खाचेतून उद्या जायचे होते. मास्टर आता पाय ओढत चालत होता. टोकावड्याला आम्ही म्हटले, पुढे रिक्षाने जाऊन थांब. तो म्हणाला, “तीन दिवस चालायचं ठरलंय ना?”

वैशाखऱ्यापासून चांगल्या पायाच्या माणसाला घाट चढायला अडीच-तीन तास लागतात. तिसऱ्या दिवशी मास्टरच्या टाचेला पट्टी बांधून निघेपर्यंत अकरा वाजले. आधी झाडीतली सपाट वाट, मग चढ आणि मग दगडांच्या पायऱ्या. पायऱ्यांवर मास्टर दर वीस पावलांना थांबू लागला. त्याची पिशवी धाकट्याने घेतली. तीन वाजले तेव्हा आम्ही निम्म्याच्या थोडे वर होतो आणि चौघांत मिळून दीड बाटली पाणी उरले होते.

जोहर अजून बाकी होती. वर लेण्याजवळ पाण्याची खोदीव टाकी आहेत हे माहीत होते. पण मास्टरच्या चालीने वर पोहोचेपर्यंत वेळ निघून जाण्याची भीती होती. सर म्हणाले, “तयम्मुम करू या.” मास्टरने आपली बाटली काढली. “माझ्या वाटणीचं पाणी आहे. मी वजू करतो. तहान मी सोसेन.”

तेव्हा सरांना आम्ही पहिल्यांदा आवाज चढवताना ऐकले. “तुला चक्कर आली तर कोण उचलणार? आम्ही तिघं. आणि तुला पाजायला पाणी कुणाचं? आमचंच. मग हे पाणी तुझ्या एकट्याचं कसं? मास्टर, तू इबादत करतोयस की हट्ट?”

कुणी काही बोलले नाही. खाली दरीत माकडे ओरडत होती. मास्टर बाटलीकडे पाहत राहिला. मग त्याने ती धाकट्याच्या हातात दिली, कोरड्या मातीवर दोन्ही तळवे टेकले, तोंडावरून फिरवले, पुन्हा टेकले आणि कोपरापर्यंत हात पुसले. उभे राहवत नव्हते म्हणून बसून दोन रकाती पढल्या. सलामनंतर तो दोन्ही हातांत तोंड लपवून बसला. रडत होता की दमला होता, ते आम्ही विचारले नाही.

सव्वाचारच्या सुमारास लेण्यापाशी पोहोचलो. टाकी भरलेली होती! गार पाणी पोटभर प्यायलो, तोंडे धुतली. मास्टरने विचारले, “सर, पाणी मिळालं. आता जोहर पुन्हा पढायची?” सर म्हणाले, “पढून झाली ती झाली.” मग त्यांनी हदीसमधल्या त्या दोन प्रवाशांचा किस्सा सांगितला. दोघांनी तयम्मुम करून नमाज पढली आणि वेळ संपण्याआधी त्यांना पाणी सापडले. एकाने नमाज पुन्हा पढली, दुसऱ्याने नाही. पैगंबरांनी (स.) दोघांपैकी कुणालाही बोल लावला नाही, आणि न पढणाऱ्याचे वागणे सुन्नतीला धरून असल्याचे सांगितले. मास्टर प्रथमच हसला.

नाणेघाटचे लेणे म्हणजे कड्यात कोरलेली चौकोनी खोली. आतल्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला लांबलचक लेख आहे. सातवाहन राणी नागनिकेचा, दोन हजार वर्षांहून जुना. केलेले यज्ञ आणि दिलेली दाने यांची ती नोंद आहे. गाई किती, घोडे किती, नाणी किती, सगळे आकड्यांत. भारतीय अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत या आकड्यांची गणना होते. पुढे शतकानुशतके बदलत गेलेले हे अंक अरबांपर्यंत पोहोचले. नवव्या शतकात बगदादला अल्-ख्वारिझ्मीने भारतीय गणनेवर ग्रंथ लिहिला आणि तिथून ते युरोपात गेले. युरोप त्यांना अरबी अंक म्हणतो आणि अरब त्यांना हिंदी अंक म्हणतात. ज्याने दिले त्याचे नाव घेण्याची ही रीत मला आवडली.

लेण्यापासून वर खडक फोडून केलेल्या अरुंद खिंडीतून गेले की घाटमाथा लागतो. तिथे एक मोठा दगडी रांजण आहे. घाट चढणाऱ्या व्यापाऱ्यांकडून घेतलेला कर यात टाकत, असे सांगतात. लोक त्याला जकातीचा रांजण म्हणतात. मराठीतला ‘जकात’ शब्द आपल्याच जकातवरून आलेला. कालपरवापर्यंत आपल्या शहरांच्या वेशीवर जकात नाके होते, तो हाच शब्द. रांजणाला हात लावून सर म्हणाले, “बघ मास्टर, वाटेवर माणूस दिसला की राजे कर वाढवतात. अल्लाह वाटेवरच्या माणसाचा कर कमी करतो. चाराचे दोन.”

असर आम्ही खिंडीच्या तोंडाशी पढलो. पश्चिमेला कोकण पसरलेले, सूर्य उतरणीला. अंबरनाथ-बदलापूर तिथून जवळजवळ पश्चिमेलाच, जरासे डावीकडे. किब्लाही पश्चिमेला, जरासा उजवीकडे. तीन दिवस आम्ही घराकडे पाठ करून चाललो होतो आणि प्रत्येक नमाजीत तोंड पुन्हा घराच्या बाजूला होत होते, हे तिथे उभे राहिल्यावर लक्षात आले.

अंधार पडता पडता घाटघर गावात पोहोचलो. पहिल्याच घराच्या ओट्यावर एक मावशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी अम्मीचे बोलणे आठवत दोन पावले मागेच थांबलो. सरांनी रात्रीपुरती जागा मागितली. मावशींनी आमच्याकडे पाहिले, मग मास्टरच्या पायाकडे. “आधी त्याला बसवा,” म्हणाल्या. घमेल्यात गरम पाणी आणि मीठ आले. पिठले आणि तांदळाची भाकरी आली. आम्ही नमाजीला जागा विचारली तेव्हा त्यांनी भाताची पोती सरकवून खोलीचा कोपरा झाडून दिला आणि मुलाला म्हणाल्या, “टीव्ही बंद कर, ते देवाचं करतायत.” आमची नावे त्यांनी सकाळी निघताना विचारली. पैसे घेतले नाहीत. फार आग्रह केला तेव्हा म्हणाल्या, “पाय बरा झाला की कळवा.”

झोपताना सरांनी हिशेब केला. तीन दिवस झाले आणि अंतर साठ किलोमीटरही भरले नव्हते. “डोंगरात डोंगराची चाल धरायची असते,” ते म्हणाले. “फिकहच्या पुस्तकांत हेही लिहिलंय.”

चौथ्या दिवशी चावंड किल्ला उजव्या हाताला ठेवून जुन्नरची वाट धरली. मास्टरला एका दूधवाल्याने टेम्पोत बसवले आणि तो काही न बोलता बसला! मगरिबच्या आधी आम्ही जुन्नरात होतो. मलिक अहमदने निजामशाहीचा कारभार सुरू केला तो याच गावातून. समोर शिवनेरी, १६३० साली शिवाजी महाराजांचा जन्म झाला तो किल्ला. त्यावर कमानी मशीद आहे, तिचे दोन मिनार आहेत. वर जायला पायांत बळ उरले नव्हते. खालूनच पाहिले.

तिथून अम्मीला फोन केला. घाटघरचे सगळे सांगितले. ती ऐकत राहिली. मग विचारले, “त्या बाईला काही दिलंस का?” म्हटले, घेतलेच नाही. “मग पत्ता तरी आणलास का?” तो आणला होता. मास्टरची टाच भरून आल्याचे त्या पत्त्यावर कळवायचे होतेच. आता ईदला शीरखुर्म्याच्या शेवया आणि सुका मेवाही तिथे जायचा आहे, असे अम्मीने परस्पर ठरवून टाकले आहे.

दुसऱ्या दिवशी एसटीने माळशेज उतरलो. वैशाखरे आले आणि गेले, टोकावडे आले आणि गेले. मास्टर खिडकीला डोके टेकून झोपला होता. इशाला मी अंबरनाथला होतो. आपल्या गावात पाऊल ठेवले की सफर संपते आणि नमाज पुन्हा पूर्ण होते. दोन रकातींनंतर तिसरीला उभा राहिलो तेव्हा पोटऱ्या ठणकत होत्या. इतकी वर्षे चार रकाती पढत आलो, पण ही तिसरी आणि चौथी घरी पोहोचलेल्या माणसाची असते, हे त्या दिवशी पायांना कळले.