संगणकाची तजवीज

राजारामपुरीतील दुकानांची दरपत्रके आज जमाखर्चाच्या वहीशेजारी मांडली, तेव्हा प्रथम ध्यानी आले ते हे की, 40 हजारांच्या मर्यादेत 18 टक्के कराची तरतूद आधीच न केल्यास उर्वरित हिशेब केवळ कल्पनाविलास ठरतो. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचा मोह तत्काळ नामंजूर केला. कारण 2021 साली आलेल्या रायझन 5 5600जी या सहा कोअरच्या प्रोसेसरात ती व्यवस्था अंगभूतच असून, माझ्या लेखनास व पुतणीच्या प्रोग्रॅमिंगला ती पुरेशी आहे. मात्र ती आपली स्मृती मुख्य रॅममधूनच उसनी घेत असल्याने 16 जीबीच्या एका पट्टीऐवजी 8-8 ची जोडी घेणे श्रेयस्कर. या प्रोसेसरचे एएम4 सॉकेट 2016 चे, म्हणजे पुढील पिढीचे प्रोसेसर त्यावर बसणार नाहीत. असो, मी काही संस्थानिक नव्हे.

काटकसर अक्षम्य ठरते ती एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरविणाऱ्या पेटीच्या बाबतीत. आषाढात पंचगंगा पात्राबाहेर येते आणि वीज लपंडाव मांडते, तेव्हा कॅबिनेटसोबत मिळणारा बेनामी एसएमपीएस स्वतःबरोबर मदरबोर्डालाही घेऊन जाण्याचा संभव असतो; तरीही विक्रेते तारीफ करतात ती कॅबिनेटातील रंगीत दिव्यांचीच! ते दिवे वगळून 450 वॅटांचा, 80 प्लस प्रमाणित एसएमपीएस मी यादीत चढविला आहे. मॉनिटर तूर्त जुनाच.