तेराव्या पिनेचं दुखणं

शेगावातल्या एका छोट्या धर्मशाळेच्या व्यवस्थापकांना पारायण पडद्यावर दाखवायचं होतं. दासगणूंच्या 'श्री गजानन विजय' ग्रंथाचे २१ अध्याय. दशमी, एकादशी, द्वादशी असे तीन दिवस रोज सात वाचायची रीत. म्हाताऱ्या माणसांना पोथीतला बारीक टाइप दिसत नाही, म्हणून ओव्या मोठ्या अक्षरांत समोर आणायच्या. माझं दुरुस्तीचं दुकान स्टेशनकडच्या रस्त्यावर, त्यामुळे काम माझ्याकडे आलं. छताला टांगलेला प्रोजेक्टर, त्याला जोडलेला तळहाताएवढा संगणक, रास्पबेरी पाय ३, आणि अट एकच: पहाटे साडेपाचला आपोआप चालू, रात्री नऊला आपोआप बंद. सेवेकरी आलटूनपालटून येतात, रिमोट कुणाच्या खिशात जाईल याचा नेम नाही.

"बोर्डावर टायमर बसवून द्या ना भाऊ," असं पहिल्यांदा सुचवलं गेलं. पण दिव्याच्या प्रोजेक्टरची लाइन अशी धाडकन तोडायची नसते. बंदची आज्ञा मिळाल्यावर पंखा काही वेळ फिरत राहून दिवा निववतो. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात, पारा ४५ च्या घरात असताना, ते निववणं मोडलं तर दिव्याचं आयुष्य घटणार. शिवाय सकाळी नुसती लाइन दिली तर हा प्रोजेक्टर लाल दिवा लावून तसाच बसून राहायचा.

म्हणून सीईसी. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी १३ वी या कामाची. जोडलेली यंत्रं तिच्यावरून एकमेकांशी बोलतात. वेग सेकंदाला जेमतेम ४०० बिट्सचा, पण 'ऊठ', 'झोप', 'काय चाललंय' एवढं विचारायला तो पुष्कळ झाला. टीव्हीवाले हीच सोय आपापल्या नावाने विकतात: सॅमसंगचं एनीनेट प्लस, एलजीचं सिंपलिंक, सोनीचं ब्राव्हिया सिंक. मात्र एचडीएमआय आहे म्हणून सीईसी असेलच असं नाही. ती ऐच्छिक आहे. आमच्या प्रोजेक्टरमध्ये होती, पण मेनूत तीन पायऱ्या खाली, आणि बंद. शिडीवर चढून ती आधी चालू केली.

मग पायवरून सीईसी-क्लायंट या प्रोग्रामला विचारलं, तारेवर कोण कोण आहे? उत्तरात पाय एकटाच. चित्र मात्र पडद्यावर स्वच्छ. चित्र येतंय म्हणजे तार चांगली, असं सगळ्यांना वाटतं, पण चित्राच्या जोड्या वेगळ्या आणि १३ वी पिन वेगळी. मध्ये एक स्प्लिटर होता, बाहेरच्या ओसरीतल्या टीव्हीसाठी लावलेला. तो चित्र दोन्हीकडे वाटत होता आणि सीईसी तिथेच गिळत होता. स्प्लिटर काढून सरळ तार जोडली, तसा ० क्रमांकावर प्रोजेक्टर हजर झाला. सीईसीत ० हा पत्ता पडद्याचाच असतो. 'स्टँडबाय' पाठवलं, दिवा विझला, पंखा घुमत राहिला. पुढचं 'ऑन' मात्र वाया गेलं.

व्यवस्थापक खालून पाहत होते. म्हणाले, "भाऊ, हे झोपलं तं झोपलंच. उठून नाही राह्यलं."

तारेच्या टोकाला सुटी पिनपट्टी लावून मल्टिमीटर धरला. प्रोजेक्टर चालू असताना १९ व्या पिनेवर पाच व्होल्टच्या आसपास, झोपला की शून्य. त्या पिनेवर व्होल्टेज आलं तरच संगणकाला कळतं की पलीकडे पडदा आहे. मग तो १५ आणि १६ व्या पिनांवरून पडद्याची माहिती, म्हणजे ईडीआयडी, वाचतो. सीईसीवर स्वतःचा ठावठिकाणा सांगायला लागणारा पत्ताही त्याच माहितीत असतो. प्रोजेक्टर झोपला की माहिती गेली, पत्ता गेला, आणि पाय बिनपत्त्याचा झाला. प्रोजेक्टरचे कान उघडे होते, बोलणाऱ्यालाच आपण कोण ते ठाऊक नव्हतं.

यावर तोड सोपी निघाली. प्रोजेक्टर चालू असताना त्याची ईडीआयडी फाइलमध्ये उतरवून घेतली आणि कॉन्फिग फाइलमध्ये पायला बजावलं, की समोर कुणी दिसो न दिसो, पडदा जोडलेलाच आहे असं धर आणि हीच माहिती वापर. त्यानंतर 'ऑन'ला प्रोजेक्टर उठू लागला.

तेवढ्यावर भागलं नाही. रात्री लाइन गेली आणि आली की पाय नव्याने सुरू व्हायचा. सुरू होताना तो सीईसीवर आपली हजेरी लावतो, त्या हाकेने प्रोजेक्टर जागा व्हायचा आणि रिकाम्या सभागृहात उजेड पाडत बसायचा. ही हजेरी बंद ठेवायची ओळ त्याच कॉन्फिग फाइलमध्ये घालता येते, ती घातली. शेवटी वेळापत्रकाच्या स्क्रिप्टमध्ये विचारपूस टाकली. स्थिती विचारली की सीईसीवर चारच उत्तरं येतात: चालू, झोपलेला, उठतोय, झोपतोय. दिवा निवत असताना 'ऑन' पाठवून उपयोग नसतो, म्हणून 'झोपतोय' आलं की स्क्रिप्ट थांबते, पुन्हा विचारते आणि 'चालू' ऐकल्यावरच पोथीचं पान लावते. आज्ञा गेली म्हणजे काम झालं, असं धरणारी स्क्रिप्ट पारायणाच्या पहाटे हमखास दगा देते.

आता कुणी असंच काम घेऊन आलं की मी खरेदीच्या आधीच तीन गोष्टी पाहायला सांगतो. मेनूत सीईसी आहे का? मध्ये स्प्लिटर येणार आहे का? आणि प्रोजेक्टरला नेटवर्कची जागा आहे का? ती असेल आणि त्यावर पीजेलिंक, म्हणजे नेटवर्कवरून प्रोजेक्टरला आज्ञा द्यायची पद्धत, चालत असेल, तर सीईसीच्या नादी लागूच नये. त्यात ४३५२ क्रमांकाच्या पोर्टवर साध्या अक्षरांत आज्ञा जाते, तशीच स्थितीही परत येते, आणि एचडीएमआयच्या तारेचा त्याच्याशी संबंधच उरत नाही.