बंबाच्या नळीमागचा चित्रकार
दोस्तांनो, पिंपरीच्या संत तुकारामनगरात गेलात, तर अग्निशमन केंद्रापाशी जरा थांबा. इथून चाकणपर्यंत नुसते कारखाने! आग लागली, की लाल बंब सुसाट निघतात. त्यांवरची ती गुंडाळलेली नळी बघा. ती कुणाच्या डोक्यातून निघाली, माहित्येय? चक्क एका चित्रकाराच्या! अ‍ॅमस्टरडॅमचा यान व्हान डर हाइडेन. चित्रात भिंतीची वीट न् वीट रंगवणारा चिवट माणूस! पंधरा वर्षांचा असताना, १६५२ साली, त्यानं गावचं नगरभवन जळताना पाहिलं. तेव्हा बादल्यांनी नाहीतर पंपाच्या ताठ तोटीनं पाणी मारायचे. घराच्या आतली आग तशीच धुमसायची. १६७२च्या सुमाराला त्यानं भावाबरोबर कातड्याची लवचिक नळी केली. आता पाणी जिना चढून थेट आगीच्या तोंडाशी! तुकड्याला तुकडा जोडला, की नळी हवी तेवढी लांब. आजही तस्संच. केंद्रातल्या काकांना विचारा, जोड कसा बसवतात ते.