अ‍ॅव्हरेज किती देते?

हॉस्टेलवर तीन विषयांवर कधीच एकमत होत नाही. मेसची भाजी, इंटर्नल्सचे मार्क आणि गाडीचं अ‍ॅव्हरेज. पहिल्या दोन विषयांत सगळे दुःखी असतात, तिसऱ्यात मात्र प्रत्येकजण राजा! "माझी ६० देते." "माझी ६५." "पण अमुकच कंपनीचं पेट्रोल टाकायचं हं, तमुकचं टाकलं की लगेच ५० वर येते." हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. मेकॅनिकलला आहे म्हणून मला पंच नेमतात आणि निकाल पटला नाही की "तुला काय कळतं, तू कॉन्व्हेंटवाली" असंही ऐकवतात.

कॉन्व्हेंटचा इथे संबंध एवढाच की 'एकोणसत्तर' आणि 'एकोणऐंशी' मला अजूनही मनात इंग्रजीत करून घ्यावे लागतात. पण गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या उन्हाळ्यात, आमच्या घरी अ‍ॅव्हरेजचा प्रश्न अगदी गळ्याशी आला, तेव्हा हे सगळे आकडे मी पाठ केले. त्याची ही गोष्ट.

आमचं घर जुळे सोलापूरला. पप्पा आणि मोठे काका मिळून शाळेच्या युनिफॉर्मचा धंदा करतात. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आणि शेंगाचटणी आठवते, पण युनिफॉर्म शिवणारे कारखानेही आमच्याकडे ढिगाने आहेत. एप्रिल ते जून हा आमचा हंगाम. या दिवसांत अक्कलकोटच्या एका दुकानात आमचा माल एक दिवसाआड जातो, आमच्याच २०१४ सालच्या छोट्या पेट्रोल गाडीतून. गाडी चालवतात ते ड्रायव्हरमामा. मी पाचवीत असल्यापासून ते आमच्याकडे आहेत. शाळेची रिक्षा चुकली की मला सोडायला तेच यायचे.

तर ३१ मार्चला काकांनी वर्षाचा हिशेब केला. गाडी चालली १८ हजार किलोमीटर, पेट्रोल लागलं १११८ लिटर. काकांनी २०२१-२२ ची वही काढली. तेव्हा हीच गाडी लिटरला १७.४ देत होती. त्या हिशेबाने १०३४ लिटर पुरायला हवं होतं. मग ८४ लिटर गेलं कुठे? त्या वेळच्या भावाने जवळपास पावणेनऊ हजार रुपये! काका काही वाईट नाहीत, पण धंद्यातला माणूस आकड्यात फट दिसली की आधी माणसाकडे बघतो. "हंगाम संपला की दुसरा माणूस बघू," ते पप्पांना म्हणाले. नाव घेतलं नाही, पण अर्थ सगळ्यांना कळला. पप्पा म्हणाले, "पंप बदलून बघू आधी, कंपनीत फरक असेल." मी सुट्टीला घरी आले तेव्हा दोघांत एवढंच बोलणं उरलं होतं. मामांना कुणी काही म्हणालं नव्हतं, पण त्यांना कळलं होतं. चहा घ्यायला ते घरात यायचे बंद झाले होते.

मी म्हटलं, कंपनी कंपनीत फरक आहे का हे भांडून कसं कळणार? मोजू या.

मित्रमैत्रिणींनो, 'टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल' ही पद्धत सगळ्यांना माहीत आहे, पण तिच्यातली गोम कुणी बघत नाही. नोझल आपोआप बंद होते तेव्हा टाकी दर वेळी नेमकी तेवढीच भरते असं नाही. गाडी थोडी कलती असेल, फेस आला असेल, तर अर्धा लिटर सहज इकडेतिकडे होतो. अक्कलकोटला जाऊन-येऊन साधारण ८० किलोमीटर, म्हणजे पाच लिटर. पाच लिटरमध्ये अर्धा लिटर चुकला तर चूक १० टक्के! आणि आपण शोधत असतो दोन-चार टक्क्यांचा फरक. म्हणून मी ठरवलं, एका कंपनीवर पाच फेऱ्या, ४०० किलोमीटर, सुमारे २५ लिटर. आता तोच अर्धा लिटर २ टक्क्यांवर येतो. हॉस्टेलवर दोनशे रुपयांचं पेट्रोल टाकून जे अ‍ॅव्हरेज काढतात, त्यांनी हा परिच्छेद परत वाचावा.

तीन कंपन्यांचे तीन पंप निवडले. त्यांना ए, बी आणि सी म्हणू. तिन्हीकडे आधी पाच लिटरच्या मापात पेट्रोल मोजून घेतलं. हे माप प्रत्येक पंपावर असतं आणि ते मागायचा हक्क कुठल्याही गिऱ्हाइकाला आहे. नियमाने पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंत फरक चालतो. तिन्ही पंप त्यात बसले. एका पोराने "मॅडम, कुठल्या खात्यातून आलात?" असं विचारलं तेवढंच. गाडी तीच, रस्ता तोच, वेळ सकाळी सातची, माल जवळपास तेवढाच, एसी एकाच आकड्यावर आणि चालवणारे मामाच. मी शेजारी वही घेऊन. कंपनी बदलताना टाकी रिझर्व्हपर्यंत येऊ दिली, म्हणजे आधीचं पेट्रोल फार मिसळू नये.

पंधरा फेऱ्या, १२०० किलोमीटर. मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन ज्याने बघितलंय त्याला मी जास्त सांगत नाही.

निकाल असा: ए १६.२, बी १५.९, सी १६.२. सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट यांत फरक ०.३, म्हणजे २ टक्क्यांच्या आत, आणि माझ्या मोजण्यातली चूकच २ टक्के. थोडक्यात, फरक नाही! पप्पांची आशा गेली.

खरं तर हे आश्चर्य नाही. सोलापूर-पुणे रस्त्यावर पाकणीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत, तिथून टँकर भरून जिल्ह्यात जातात. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या तिन्ही सरकारी कंपन्या जिथे ज्याची रिफायनरी किंवा डेपो जवळ, तिथून एकमेकींचा माल उचलतात. पेट्रोल एकाच भारतीय मानकाप्रमाणे बनतं, १ एप्रिल २०२० पासून सगळीकडे बीएस-६ आहे. फरक असतो तो वरून घातलेल्या थोड्याशा अ‍ॅडिटिव्हचा. बोर्डाचा रंग वेगळा म्हणून आतली उष्णता वेगळी होत नाही.

मग जास्त पैशांचं प्रीमियम पेट्रोल? त्याचा ऑक्टेन जास्त असतो. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, तर दाबाखाली अवेळी पेट न घेण्याची क्षमता. ज्या इंजिनचा कॉम्प्रेशन रेशो जास्त किंवा ज्याला टर्बो आहे, त्याला त्याचा उपयोग. साध्या इंजिनात ते टाकणं म्हणजे सपाट रस्त्यावर चालायला ट्रेकिंगचे बूट घालणं.

पण कंपनी दोषी नाही म्हटल्यावर आता मामाच उरले ना? मला झोप येईना. शेवटी मी त्यांनाच विचारलं, "मामा, तुमच्याकडे काही लिहिलेलं आहे का?" ते काही न बोलता डॅशबोर्डच्या खणातून एक डायरी काढून माझ्या हातात देऊन बाहेर गेले. उघडली तर सगळे आकडे कानडीत! मामा अक्कलकोटकडचे, घरात कानडी बोलणारे. मराठी आकड्यांनीच घाम फुटणारी मी, कानडी आकडे कुठून वाचणार? मग रोज परतीच्या वाटेवर मामांनी मला ओंदु, येरडु, मूरु शिकवलं. चार दिवसांत मी डायरी वाचायला लागले. प्रत्येक वेळचं पेट्रोल आणि मीटरचं रीडिंग, २०२० पासून.

त्या आकड्यांचा मी आलेख काढला. जर कुणी पेट्रोल काढून विकत असेल तर एका दिवसापासून अ‍ॅव्हरेज धाडकन पडलं पाहिजे. इथे तसं नव्हतं. २०२२ पर्यंत १७.४ च्या आसपास, मग २०२३ पासून हळूहळू उतार. आणि एक मजा सापडली. २०२४ च्या डिसेंबरात मामा मुलीच्या लग्नासाठी तीन आठवडे सुट्टीवर होते, डायरीत तेवढी जागा कोरी. त्या दिवसांत गाडी चालवत होता खुद्द काकांचा मुलगा! मी काकांच्या फाइलमधली त्या आठवड्यांची बिलं काढली. अ‍ॅव्हरेज १५.८.

म्हणजे चोर माणूस नव्हता, चोर टाकीतच होता. त्याचं नाव इथेनॉल. पेट्रोलमध्ये ते मिसळायचं प्रमाण जून २०२२ मध्ये देशभर १० टक्क्यांवर पोचलं. २० टक्क्यांचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर सुरू झालं आणि २०२५ मध्ये सगळीकडे तेच झालं. आता गणित बघा. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. म्हणून १० टक्के मिश्रणात ३०.९ आणि २० टक्के मिश्रणात २९.८. दहावरून विसावर जाताना लिटरमागची ऊर्जा साडेतीन टक्के कमी होते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे त्याला हवा कमी लागते: पेट्रोलला १४.७ पट, इथेनॉलला फक्त ९ पट. इंजिनचा ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे बघून इंधन वाढवतो, आणि आपण पंपाला शिव्या देतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही, मुळात बिनइथेनॉल पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्के कमी होईल असं लिहिलेलं आहे. ब्राझीलमध्ये तर लोक पंपावर उभ्या उभ्या हिशेब करतात: नुसत्या इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या खाली असेल तरच ते भरायचं.

१७.४ मधून साडेतीन टक्के काढले की राहतात १६.८. पण आमची गाडी तर १६.१ देत होती. उरलेलं कुठे? दरवाजावरच्या स्टिकरवर हवेचा दाब ३३ लिहिलाय, टायरमध्ये निघाला २६. हवा भरून त्याच रस्त्यावर आणखी पाच फेऱ्या केल्या: १६.५. राहिलेला ०.३ माझ्या मोजण्याच्या चुकीतच बसतो, शिवाय गाडीचं वयही अकरा वर्षं. हिशेब जुळला.

मी सगळं दोन पानांवर मांडून काकांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून कॅल्क्युलेटरवर प्रत्येक भागाकार स्वतः केला. मुलाच्या तीन आठवड्यांपाशी जरा जास्त वेळ थांबले. मग म्हणाले, "हवा दर आठवड्याला बघायला सांग." दुसऱ्या माणसाचा विषय परत निघाला नाही. काका माफीबिफी मागणाऱ्यातले नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी काकूंना चहाचा एक कप जास्त टाकायला सांगितला आणि तो घेऊन स्वतः गेटपर्यंत गेले.

मामांना मी इथेनॉल समजावलं तेव्हा ते खूप हसले. सोलापूर जिल्हा म्हणजे साखर कारखान्यांचा जिल्हा, आणि त्यांच्या भावाचा दोन एकर ऊस दर वर्षी कारखान्याला जातो. म्हणाले, "म्हणजे आमच्याच उसानं आमचं अ‍ॅव्हरेज खाल्लं की ओ!" इथेनॉलचे पैसे उसाच्या बिलात येतात आणि पेट्रोलच्या बिलातून जातात. हे चांगलं की वाईट, यावर हॉस्टेलवर रात्रभर वाद घालता येईल, घाला. कच्चं तेल बाहेरून कमी आणावं लागतं हे खरं, आणि जुन्या गाडीवाल्याचा खर्च वाढतो हेही खरं. पण ज्याच्या हातात फक्त स्टिअरिंग आहे त्याच्याकडून ती वसुली होऊ नये, एवढं मला वाटतं.

असो. ज्यांना आपल्या बाईकवर करून बघायचंय त्यांच्यासाठी: एकाच पंपावर गाडी मेनस्टँडला लावून भरा, निदान तीन टाक्यांची सरासरी काढा, टायरची हवा आधी बघा आणि प्रत्येक आकडा लिहून ठेवा. कुठल्या भाषेत लिहिता याने काही बिघडत नाही. मामांची डायरी भरली, म्हणून या वेळी मी त्यांना नवी नेऊन दिली. पहिल्या पानावर आकडे मी घातलेत, कानडीत.