मुशीचं हृदय आणि तुमचा इको

"डॉक्टर, हृदय तर रक्तानेच भरलेलं असतं, मग त्यालाच रक्त कमी कसं पडतं?" अँजिओग्राफीचा रिपोर्ट समजावताना हा प्रश्न मला हमखास येतो. प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी मी मुशीचं, म्हणजे शार्कचं उदाहरण देतो. (मालवणात हिला मोरी म्हणतात; मोरीचं मटण खाल्लं असेलच तुम्ही!)

मुशीच्या हृदयात येतं ते सगळं अशुद्ध रक्त. हृदय ते पुढे कल्ल्यांकडे ढकलतं. एवढ्या कमी ऑक्सिजनवर मेहनती स्नायूचं कसं भागणार? म्हणून कल्ल्यांत शुद्ध झालेल्या रक्ताची एक फांदी परत हृदयाकडे वळते आणि त्याच्या स्नायूत पसरते. याच कोरोनरी धमन्या. कित्येक हाडांच्या माशांना त्या नसतातही.

आपल्या डाव्या कप्प्यात शुद्ध रक्त असतं, पण जाड स्नायूच्या अगदी आतल्या पातळ थरापलीकडे त्यातला ऑक्सिजन पोचत नाही. बाकी भिस्त महाधमनीच्या मुळाशी निघणाऱ्या, जेमतेम 3-4 मिलिमीटर रुंदीच्या दोन धमन्यांवर.

म्हणून "इकोत पंपिंग छान आलंय, आता काळजी नाही" असं समजू नका. इकोत मुख्यतः पंप दिसतो. धमनीतला अडथळा दिसेलच असं नाही. चालताना छातीवर दाब येऊन थांबल्यावर कमी होत असेल, तर इको नॉर्मल असला तरी डॉक्टरांना सांगा. बसल्या जागी दुखून घाम फुटला, तर अपॉइंटमेंट घेत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. आणि गाडी स्वतः चालवू नका.